भाजीबाजारातले ब्लूज

दर रविवारी भाजीबाजारात बसून गायचं म्हटलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, कोथिंबिरीसारखे फुकट पिशवीत पडतात. मी गिटार वाजवतो. माझा मित्र सूर्यकांत शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला आहे. तो गातो आणि माउथ ऑर्गन वाजवतो. आम्ही ब्लूज वाजवतो, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांची दुःखाची गाणी. शब्द मात्र आमचे, मराठी.

*

पहिल्याच रविवारी एक गृहस्थ बराच वेळ ऐकत उभे राहिले. आम्ही खूश! शेवटी जवळ येऊन त्यांनी विचारलं, "कुठल्या पार्टीचं हाय हे?" कुठल्याच नाही म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडे काळजीनं बघितलं.

"मग पावणं, घरी सगळं बरं हाय न्हवं?"

*

शेजारी मेथी विकणाऱ्या अक्काताईंना वेगळीच शंका. ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा म्हणतात. त्यांच्या गावात मयताच्या घरी बायका अशीच एकेक ओळ घोळवून रडतात. त्यांनी हळूच विचारलं, "कोण गेलं रं तुमचं?" कोणी नाही, असं सांगताना आम्हाला हसू आवरत नव्हतं.

*

गेल्या वर्षी सूर्यकांतची बायको वैशाली गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. तेराव्यानंतर तो बाजारात आला, पण गायला नाही. घरी बोलत नव्हता, रडला तर अजिबात नव्हता. त्याची आई मला म्हणाली, "कायबी करून त्याला गायला लाव. न्हाईतर ह्यो बी जाईल." मला खरंच भीती वाटायला लागली.

त्याला बरं वाटावं म्हणून समोरच्या केळीवाल्यानं एकदा स्वतः गाऊन दाखवलं. गिऱ्हाईक पांगलं. सूर्यकांत हसलासुद्धा नाही.

*

परवाच्या रविवारी अक्काताईंनी जुड्या बांधता बांधता त्याला बायकोचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं.

"मग तिला सांग की. आमच्यात रडताना गेलेल्याचं नाव घिऊन सांगत्यात."

मी सूर धरून ठेवला. मग डोळे मिटून तो गायला, "वैशे, चहा गार झाला." पुन्हा तीच ओळ. या वेळी आवाज फाटला आणि तो रडायला लागला. ब्लूजमध्ये तिसरी ओळ उत्तराची असते. ती त्याला सुचेना. भाव करणारी माणसंही थांबली. मी नुसती गिटार वाजवत राहिलो.

अक्काताईंनी हातातली जुडी खाली ठेवली आणि त्यांच्या त्या रडायच्या चालीत तिसरी ओळ म्हटली.

"पी रं लेकरा. गार हाय तरी पी."