बुजवलेली मोरी

वेदवतीबाई कुंभकोणच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. घरात तंजावरी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. ऐंशीच्या दशकात कावेरीचं पाणी उशिरा येऊ लागलं आणि त्यांच्या मेलकावेरी वस्तीतल्या विहिरी उन्हाळ्याआधीच आटू लागल्या. हवामान बदलतंय, पुढे दुष्काळ वाढतील, असं त्या वर्गात सांगत. मग तळ्यात पाणी साठून विहिरींना झिरपावं म्हणून, गल्ली जमवून त्यांनी वस्तीतल्या तळ्याचं जादा पाणी वाहून नेणारी मोरी विटा-सिमेंटनं बुजवून टाकली.

तळ्यामागच्या सखल जागेत मीनाक्षीबाई रेशमी साड्या विणायच्या. त्यांचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर होता. त्यांनी विचारलं, "टीचर, पाऊस जास्त झाला तर?"

"पाऊस आहे कुठे, अक्का?" वेदवतीबाई हसल्या. सगळेच हसले.

विहिरींना पाणी टिकलं. शाळेत त्यांना शाल मिळाली. पुढे नव्वदच्या दशकात एका नोव्हेंबरात वादळ आलं. पाऊस थांबेना. भरलेल्या तळ्याला वाट नव्हती. सकाळी वेदवतीबाई मीनाक्षीबाईंकडे धावत गेल्या, तेव्हा मागाचा खड्डा गढूळ पाण्यानं भरला होता आणि कुणाच्या तरी लग्नाची अर्धी विणलेली साडी चिखलात लोंबत होती.

त्यांनी पहार मागवली आणि मोरीवर पहिला घाव स्वतः घातला. पाणी निघून गेलं. मीनाक्षीबाई म्हणाल्या, "तुम्ही आमच्या भल्यासाठीच केलंत." त्यावर वेदवतीबाईंना वर बघवेना.

घरी यजमान लक्ष्मीनारायण समजावू लागले, "पाऊस काय तुझ्या हातात होता?"

"मोरी होती की! दुष्काळ वाढतील तशी अतिवृष्टीही वाढेल, असं मी वाचलं होतं. मला हवं तेवढंच धरलं. तिनं विचारलं, तर हसले."

मीनाक्षीबाईंचं ओलं घर सुकेपर्यंत वेदवतीबाईंनी आपल्याच ओसरीत खड्डा खणवून त्यांचा माग बसवला. पण त्यासमोरून जायची लाज वाटे, म्हणून शाळेला मागच्या दारानं निघायच्या. शेवटी मीनाक्षीबाईंनीच हाक मारली, "टीचर, तुमच्याच घरात चोरासारख्या का वागता? बसा इथं."

त्या बसल्या आणि मीनाक्षीबाईंनाच विचारून मोरीला काढ-घाल करता येतील अशा फळ्या बसवायचं ठरलं. उन्हाळ्याआधी लावायच्या, वादळाच्या दिवसांत काढायच्या. लोकांनी पुन्हा शाल आणली. वेदवतीबाईंनी ती घेतली नाही.