हरिबाचा डावा हात

तामलवाडीच्या हरिबा घोडक्यांना जुन्या गाडीबद्दल कुणी काही विचारू नये. विचारायचंच असेल, तर जेवायला थांबू नका असा घरी निरोप धाडून मग विचारावं. डुक्कर फियाट कोणती, तिची पुढची दारं उलटी कशी उघडायची, अ‍ॅम्बॅसडरच्या आधी आलेली लँडमास्टर कशी दिसायची, सगळं जिभेवर तयार. जन्म पंचायत समितीत कारकुनी करण्यात गेला. रिटायर झाल्यावर एका डॉक्टरांकडून जुनी पांढरी पद्मिनी फियाट घेतली, आणि तेव्हापासून गडी जमिनीवर राहिलाच नाही.

त्यात फोनवर एक ग्रुप सापडला, जुन्या गाड्यांच्या दर्दी लोकांचा. कुणी नुसत्या एका दिव्याचा फोटो टाकायचा आणि विचारायचं, गाडी ओळखा. बाकीचे चष्मा शोधेपर्यंत हरिबांचं उत्तर आलेलं असायचं, वर्षासकट. ग्रुप काढणारे सोलापूरचे सिद्रामप्पा त्यांना 'गुरुजी' म्हणायला लागले आणि मग सगळेच म्हणायला लागले. जन्मभर 'ए घोडके, फाईल आण' ऐकलेल्या माणसाला म्हातारपणी कुणी गुरुजी म्हणलं की आत काय होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

पण ग्रुपवर एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. गुरुजींना गाडी चालवता येत नव्हती.

गावाला माहीत होतं की. पद्मिनी आली त्याच आठवड्यात हरिबांनी ती सुरू केली आणि सरळ शेजाऱ्याच्या उकिरड्यात नेऊन घातली. त्या दिवसापासून गाडी गजराबाई चालवतात, म्हणजे त्यांची बायको. गजराबाई ढोकीच्या. लग्नाआधी बापाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या उसासकट कारखान्यावर नेणारी बाई ती, तिला फियाटीचं काय कौतुक.

मग एक दिवस सिद्रामप्पांचा मेसेज आला. नळदुर्गला किल्ल्याजवळच्या ढाब्यावर सगळ्यांनी जमायचं. ज्यानं त्यानं आपली गाडी स्वतः चालवत आणायची, ड्रायव्हर चालणार नाही. आणि त्याच दिवशी फेटा बांधून गुरुजींचा सत्कार. हरिबांनी मेसेज गजराबाईंना वाचून दाखवला.

"पडसं झालंय म्हणून कळवा," गजराबाई म्हणाल्या.

"अगं, फेटा बांधणार हायेत."

"मग खरं सांगा. येत न्हाय म्हणावं."

"त्यापरीस म्या मेलेलो बरा."

शेवटी हरिबांनी डावा हात उपरण्यानं गळ्यात बांधला. मनगट मुरगळलंय म्हणायचं. डावाच का, तर पद्मिनीच्या गिअरची दांडी स्टिअरिंगपाशी असते आणि ती डाव्या हातानं ओढावी लागते. कुणाला शंका घ्यायला जागाच नको.

"एवढी अक्कल गाडी शिकायला लावली असती तर," म्हणत गजराबाईंनी किल्ली घेतली.

नळदुर्गला सोंग झकास वठलं. अरेरे, कसं झालं, जपा हो गुरुजी. गजराबाईंनी मात्र सिद्रामप्पांची अ‍ॅम्बॅसडर आणि ग्रुपमधल्याच विरुपाक्षची जीप यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत पद्मिनी एका दमात मागं घेऊन लावली, तेव्हा सगळे बघतच राहिले.

"गुरुजींनी शिकवलेलं दिसतंय वहिनींना," विरुपाक्ष म्हणाला.

हरिबा नुसते हसले. नाही म्हणाले नाहीत. गजराबाईंनी एकदा नवऱ्याकडं बघितलं आणि त्या चहा सांगायला गेल्या. ते बघणं हरिबांना लागलं, पण तेवढ्यात सिद्रामप्पांनी भगवा फेटा पिशवीतून बाहेर काढला होता.

इथंच तो विरुपाक्ष बोलला. "पद्मिनी म्हणजे गिअर स्टिअरिंगलाच. खाली गिअर असलेली पद्मिनी निघालीच नाही कधी."

झालं. आता फेटा बांधून होईपर्यंत गप बसायला काय जात होतं का? पण चुकीचं ऐकलं की हरिबांच्या कानाच्या पाळ्या तापतात.

"निघाली न्हाय कशी? शेवटी शेवटी खाली गिअरवाली आली की," ते म्हणाले. "आन् वरचा गिअर कसा पडायचा, ते तरी म्हायती हाय का? हे बघा, दांडी अशी आपल्याकडं घ्यायची, अशी वर, मग अशी..."

तोंडानं इंजिनाचा आवाज, आणि हात पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. तिसऱ्याला हरिबांच्या ध्यानात आलं की सगळेच आपल्या हाताकडं बघतायत. उपरणं रिकामं लोंबत होतं आणि डावा हात हवेत होता.

"गुरुजी, हात बरा झाला म्हणायचा," सिद्रामप्पा म्हणाले.

आई तुळजाभवानीची कृपा, हे वाक्य हरिबांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण समोर गजराबाई चहाचा ट्रे धरून उभ्या होत्या.

"हाताला कायबी झालं न्हाय," हरिबा खाली बघत म्हणाले. "मला गाडी चालवता येत न्हाय. आन् हिला म्या न्हाय शिकवलं. तिला माझ्याआधीपास्नं येतंय."

मंडळी हसली, अशी हसली की विरुपाक्षचा चहा शर्टावर सांडला. सिद्रामप्पांनी डोळे पुसले, फेटा उचलला आणि म्हणाले, "नियम म्हणजे नियम. गाडी ज्यानं चालवत आणली, फेटा त्याचा." आणि त्यांनी तो गजराबाईंच्या डोक्यावर बांधला. सगळ्यांत आधी टाळी हरिबांनी वाजवली, दोन्ही हातांनी.

परतीच्या वाटेवर गजराबाई फेट्यातच होत्या. हरिबा बाहेर बघत बसले होते. ग्रुपवर आता आपल्याला कोण गुरुजी म्हणणार, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं. तामलवाडीच्या अलीकडं एक मोकळा माळ लागतो. तिथं गजराबाईंनी गाडी आत घातली, बंद केली आणि खाली उतरल्या.

"सरका तिकडं."

"उकिरडा विसरलीस व्हय?"

"हितं उकिरडा न्हाय. सरका."

हरिबा स्टिअरिंगमागं जाऊन बसले. या गाडीच्या नटाबोल्टाचंही नाव त्यांना ठाऊक होतं, आणि हात कुठं ठेवावा तेच कळत नव्हतं. मग गाडीबद्दल त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी काही विचारलं.

"आता आधी काय करू?"

"आधी गळ्यातलं ते उपरणं काढा," गजराबाई म्हणाल्या.