एका दिवसाचा गिलावा

सकाळी सातला आग्नेत रंगांच्या वाट्या घेऊन तिठ्यावर आली, तेव्हा सेत्तीमिओ गवंडी आपली थापी धूत होता. मरियामातेचा कोनाडा वरपासून खालपर्यंत ओल्या गिलाव्यानं चमकत होता.

"मिस्त्री, वरचा अर्धाच करा म्हटलं होतं ना? खालचा जेवणानंतर."

"अर्धी भिंत सोडून घरी जायचं? चाळीस वर्षांत केलं नाही मी तसं. लोक हसतील."

"अहो, चुना ओला आहे तोवरच रंग धरतो. जूनचं ऊन आहे. खाली पोचेपर्यंत दगड होईल त्याचा."

"मग खालचा खरवडतो, दुपारी परत लावतो." एवढं बोलून सेत्तीमिओनं बादलीत डोकावलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "नाही जमायचं. मुरलेला चुना होता तेवढा संपला. नवा मुरायला वर्ष जाईल."

उद्या संध्याकाळी मिरवणूक होती. हिवाळ्यात गोठून जुनं चित्र पोपडे सुटून गळून पडलं, तेव्हा उत्सव समितीच्या उबाल्दोनं शहरातून छापील चित्राची फरशी मागवली होती. "गावात चित्रकार असताना फरशी कशाला?" असं सेत्तीमिओ बारमध्ये म्हणाला. "ती कुठं गावातली, ती डेन्मार्कची," असं उबाल्दो म्हणाला. शेवटी ठरलं ते असं, की आज दिवे लागायच्या आत चित्र झालं तर चित्र, नाहीतर फरशी.

नऊ वर्षांपूर्वी, गावात नवी असताना, अशा वेळी आग्नेतनं घरी जाऊन खिडक्या लावून घेतल्या असत्या. तेव्हा ती सतत खिडक्याच लावून घ्यायची. चित्र काढताना कुणी मागं उभं राहिलं की तिचा हात थांबे, आणि इथं तर सगळं गाव मागं उभं राही. पहिल्या थंडीत चूल धुरानं कोंडली, तेव्हा शेजारची देर्ना न विचारता आत आली. तिनं धुराडं झाडलं, जाताना भिंतीवरची चित्रं पाहिली आणि म्हणाली, "घोडे बरे आहेत, पण बायकांना जेवायला घालत जा." आग्नेत आधी दुखावली. मग तिनं ते चित्र पुन्हा पाहिलं. त्या बायका खरंच उपाशी दिसत होत्या.

तिनं कोनाडा वितीनं मोजला. गिलावा वाळेपर्यंत हातात फार तर अकरा तास होते.

"मिस्त्री, ऊन अडवा. आणि देर्नामावशींना सांगा, चादरी हव्यात. ओल्या."

देर्ना आली ती लग्नातल्या लिननच्या चादरी घेऊनच. कडेला तिच्या आईनं विणलेली जाळी होती.

"या नकोत, मावशी. चुन्याचे डाग पडतील."

"पडू देत. माझ्या नवऱ्याला तरी कुठं दिसली होती जाळी? घोरत पडायचा."

सेत्तीमिओनं दोन बांबू रोवून सावली केली. जेवढा भाग रंगवायचा तेवढाच उघडा, बाकीच्यावर गिलाव्याला न टेकणारी ओली चादर. देर्ना दर थोड्या वेळानं त्यावर पाणी शिंपडायची आणि शिंपडता शिंपडता बोलायची.

"मातेचं नाक मोठं झालं, पोरी."

"लांबून बघा."

"लांबून तर डोंगरासारखं दिसतंय."

एक वाजला. या गावात एक वाजता भूकंपसुद्धा जेवायला जाईल. पण आग्नेतला उतरता येईना, म्हणून देर्नानं जेवणच तिठ्यावर आणलं. पास्त्याचं ताट शिडीच्या पायरीवर आलं. आग्नेतनं डाव्या हातानं खाल्लं, उजव्या हातानं बाळ येशूची बोटं काढली. मागं पंधराएक माणसं उभी होती, बोटं मोजत होती. तिचा हात एकदाही थांबला नाही.

सहा वाजता शेवटची चादर निघाली. गिलावा कडेनं पांढरा पडत चालला होता. उबाल्दो फरशी बगलेत मारून आलाच.

"बाई, मातेचा झगा कोराच आहे."

सेत्तीमिओ टोपी चुरगाळू लागला. आग्नेतनं कुंचले धुतले, शिडीवरून उतरली.

"चित्र झालं. झगा उद्या."

"वाळल्यावर? ओल्यावरच रंग धरतो, असं तुम्हीच दिवसभर सांगताय."

"बाकीचे धरतात. हा निळा दगडाचा, ओल्या चुन्यात घातला की हिरवा पडतो. तो वाळल्यावर अंड्याच्या बलकात लावायचा. तुमच्या चर्चमधला निळा चारशे वर्षं कशावर उभाय, उबाल्दो? मावशी, सकाळी चार अंडी लागतील."

"चार? आणि माझा उत्सवाचा केक?"

"केक करा दोन अंड्यांत!" मागून कुणीतरी ओरडलं आणि लोक हसले. उबाल्दोनं पुढं होऊन खालची कोरडी कड नखानं खरवडून पाहिली. नखाला रंग आला नाही. त्यानं फरशी दुसऱ्या बगलेत घेतली आणि विचारलं, "मिरवणूक सहाला निघते. तोवर वाळेल ना निळा?"

"दुपारीच वाळेल."

सकाळी देर्ना ओच्यात अंडी घेऊन आली, अजून कोमट. आग्नेत बलक फेटत होती. देर्ना मान तिरकी करून चित्राकडे बघत राहिली.

"नाक मोठंच आहे."

"तुमचंच आहे, मावशी. रोज कुंपणावरून तेच दिसतं मला."

देर्नानं हळूच स्वतःचं नाक चाचपलं. मग चादरीचा कोपरा पाण्यात बुडवून शिडीचे पाय पुसू लागली.

"लाव मग निळा," ती म्हणाली. "हात आखडू नकोस. पाचवं अंडंही आणलंय."