गोड्या झऱ्याची वेळ

मी काहीही सांगायला लागलो की बाबा समोरच्या माणसाला म्हणायचे, "निम्मं धर." एकदा मी सांगत होतो, इंदूरजवळ राऊच्या रस्त्यावर एवढा नाग पाहिला, एवढा नाग, की डोकं चहाच्या टपरीत आणि शेपूट पंक्चरवाल्याकडे. बाबांनी पेपरातून मान वर काढली नाही. "निम्मं धर," म्हणाले. मग पान उलटून, "आणि साप होता का, ते आधी विचार."

बाबा नापतौल खात्यात निरीक्षक होते. बाजारातली वजनं तपासायची, बरोबर निघाली की शिक्का ठोकायचा, नाही निघाली की जप्त करायची, यात त्यांचा जन्म गेला. ते गल्लीत शिरले की तिसऱ्या दुकानातल्या तराजूची पारडी आपोआप थरथरायची, हे मी स्वतः पाहिलं आहे. घरात 'थोडंसं' हा शब्द चालत नसे. आई म्हणाली, "भाजीत मीठ थोडं कमी झालंय," की बाबा विचारणार, "किती?" आणि अशा माणसाच्या पोटी मी! राजवाड्यापासून घरापर्यंत चालत आलो तरी तेवढ्या वाटेत एक हत्ती घातल्याशिवाय मला सांगताच येत नाही.

पण माझी एक गोष्ट त्यांनी शिक्का मारून पास केली होती. नेमकी तीच सगळ्यांत खोटी होती.

वीस वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसची ट्रिप कोकणात गेली. मीही निघालो. इंदूरचा माणूस समुद्राला जायचा म्हणजे आठ दिवस आधीपासून मोहल्ल्यात डंका. मानपूरचा घाट उतरेपर्यंत मी बसमधल्या सगळ्यांना समुद्र समजावून सांगितला होता. धुळ्याला पोट असं बिघडलं की मंडळींनी मला एका लॉजवर ठेवलं आणि ती पुढे गेली. परतताना मला उचललं, हातात एक शिंपला आणि आमसुलाची पुडी दिली. मी समुद्राच्या नावाने जे पाहिलं ते धुळ्याच्या लॉजचं छत. त्यावर ओलीचा एक डाग होता, बराच मोठा, कडेने फेसासारखा.

घरी आल्यावर काय सांगणार? धुळ्याचं छत? मी सांगितलं की कोकणात एका गावी समुद्रात खडक आहे आणि त्या खडकात गोड्या पाण्याचा झरा. रोज दुपारी चार वाजता समुद्र मागे सरतो, गावातल्या बाया हंडे घेऊन चालत जातात, पाणी भरतात, आणि पाचला समुद्र परत येतो.

चार वाजता का? कारण तेव्हा आमच्या गल्लीत नर्मदेचा नळ चारला यायचा आणि पाचला जायचा. मला पाण्याची तेवढीच एक वेळ ठाऊक होती.

गोष्ट संपल्यावर मी "निम्मं धर"ची वाट पाहत होतो. बाबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "हे खरं असणार. थापाड्या माणूस वेळ सांगत नाही."

झालं! तेव्हापासून ती गोष्ट त्यांची झाली. रविवारी सकाळी पोह्याच्या दुकानावर त्यांची चार-पाच जणांची बैठक असते. तिथे नवा माणूस आला की बाबा झऱ्याची गोष्ट सांगायचे, अगदी नेमकी, एक हंडा इकडे नाही की तिकडे नाही. कोणी हसलं तर दुकानदारच त्याला दटावायचा, "भिया, बाबूजी ने बोला है तो तौल के बोला है." मी मान खाली घालून पोह्यांवर शेव पसरत राहायचो.

गेल्या वर्षी बाबांना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर येणार नाही, राहिलेली जपू. बाबांना आता नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. समोरचं स्वच्छ, बाजूचं काही नाही. घरी आल्यावर त्यांनी आईचा तांब्याचा लोटा घासायला काढला. आई जाऊन सहा वर्षं झालीत, लोटा तसाच फळीवर होता.

"तो झरा दाखव मला," म्हणाले. "दिसतंय तोवर बघून घेतो. मंडळींसाठी पाणीही आणू."

मी टाळायचे सगळे उपाय केले. लांब आहे, रस्ते खराब, तिकडचे डास माणसाला उशीसकट उचलतात. "निम्मं धर," ते माझ्या बायकोला म्हणाले. ती शिकवते त्या कॉलेजच्या परीक्षा होत्या, ती येणार नव्हती. तिने दोन किलो शेव बांधून दिली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "झरा आहे ना?" मी म्हणालो, "कोकणात काय नाही?"

वाटेत धुळं लागलं. ती लॉज अजून उभी आहे. मी गाडीचा वेग वाढवला.

कोकणात उतरल्यावर मी सहा दिवस त्या झऱ्यापासून पळत राहिलो. उन्हवऱ्याचं गरम कुंड दाखवलं. दाभोळला गाडी फेरीबोटीवर चढवून खाडी पार केली. इंदूरची गाडी पाण्यावरून चालली आहे हे बघून माझा स्वतःचाच माझ्यावर विश्वास बसेना. गुहागरच्या सुरूच्या झाडांखाली दोन दुपारी घालवल्या. लहान लहान गावं, आवारांभोवती जांभ्या दगडाचे गडगे, पोफळींच्या गार सावलीत बसलेली दुकानं, जिथे दुकानदार आपण हाक मारल्यावर मागच्या दाराने सावकाश येतो. बाबांना ती गावं आवडली. "इथे कोणाला तोलायची घाई नाही," म्हणाले.

समुद्र मात्र त्यांनी असा पाहिला की मला अजून आठवतो. डावीकडून सुरुवात करून मान इंच-इंच फिरवत उजव्या टोकापर्यंत, कापडाचं थान मोजावं तसा. मला एका नजरेत अख्खा समुद्र मिळाला आणि दोन मिनिटांत मी शहाळं शोधायला लागलो. त्यांना तो तुकड्या-तुकड्यांनी मिळत होता आणि ते अर्धा तास हलले नाहीत. एवढी वर्षं मी समुद्र वाढवून सांगितला होता. त्यांच्या नळीतून तो माझ्या गोष्टीपेक्षा मोठा दिसत असावा.

बाजूचं मी त्यांना सांगायचो. हेदवीला खडकात एक अरुंद घळ आहे, भरतीच्या वेळी लाट तिच्यात घुसते आणि पाणी वर उसळतं. मी ओरडलो, "बाबा, पन्नास फूट!" त्यांनी मान फिरवून घळ शोधली, पुढच्या लाटेची वाट पाहिली. "पंधरा. फार तर अठरा."

आज ते मान फिरवून तपासू शकत होते. उद्या नळीही मिटली की त्यांच्याकडे फक्त माझं तोंड उरणार. आणि ज्या एका गोष्टीवर त्यांनी मला खरा मानला होता, तिच्याकडे मी त्यांना घेऊन चाललो होतो.

सातव्या दिवशी पळायला जागा उरली नाही. एका गावी, ज्याचं नाव मी सांगणार नाही, घरगुती राहायची सोय होती. घरमालक म्हातारा, सारी हयात होडीवर गेलेला. मागच्या आवारातच समुद्र होता आणि त्यात, नशीब पाहा, खरोखरच एक काळा खडक होता. जेवताना बाबांनी अळूच्या भाजीवर शेव घातली. घरमालकाने आ वासला, पण पाहुणा म्हणून गप्प राहिला.

"हाच का रे तो?" बाबांनी खडकाकडे पाहत विचारलं.

"तसाच दिसतोय," मी म्हणालो.

साडेतीनला बाबा लोटा घेऊन वाळूत उभे राहिले, चपला नीट शेजारी काढून, मनगट डोळ्यांसमोर धरून. चार वाजता समुद्र सरकणार होता. मी मागे उभा. उभ्या जन्मात मी कोणत्याही देवाला एवढं विनवलं नव्हतं जेवढं त्या दुपारी समुद्राला विनवलं. भिया, एकदा सरक. आणि समुद्र? तो पुढे आला. आधी चपला उचलल्या, मग बाबांचे घोटे बुडवले.

घरमालक धावत आला, चपला धरल्या. "आजोबा, कशाची वाट बघताय?"

"पाणी चारला उतरतं ना?"

"छे हो! आज पंचमी. आत्ता तर पुरी भरती."

"रोज चारला नाही?"

"समुद्र काय नळ आहे, रोज एका वेळेला जायला? तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे."

बाबांचे ओठ हलले. शाळेत पाठ केलेली पाऊणकी ते पुटपुटत होते. "पाच पाउणे पावणेचार." त्यांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. पावणेचार झाले होते. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद आला की जणू साऱ्या बाजारात एक प्रामाणिक तराजू सापडला. मग तो आनंद हळूहळू उतरला. समुद्राचं माप खरं, म्हणजे कोणाचं खोटं, हा हिशोब करायला त्यांना पाटी लागणार नव्हती.

त्या संध्याकाळी जेवताना शेवेची पिशवी त्यांनी माझ्याकडे सरकवली नाही. मी अंगणात बसून दहा तरी गोष्टी रचल्या. भूकंपाने झरा आटला. खडक दुसरा. गाव दुसरं. सगळ्या चांगल्या होत्या, एक-दोन तर फारच चांगल्या. एकही बाहेर काढावीशी वाटली नाही.

सकाळी बाबा लोटा घेऊन तयार. "आज षष्ठी. सहा पाउणे साडेचार. ओहोटी त्याच्या सव्वासहा तास आधी. सव्वादहाला निघू."

सव्वादहाला खडकापर्यंत वाट उघडी पडली होती. बाजूला दोन बाया दगडांवरची कालवं फोडून काढत होत्या. बाबांचा हात माझ्या खांद्यावर, मी पाऊल सांगतोय, ते टाकताहेत. अर्ध्या वाटेत मी थांबलो.

"बाबा, मी इथे कधी आलोच नव्हतो. धुळ्याला लॉजवर पडलो होतो."

"कळलं ते. काल पावणेचारला."

"मग आता कशाला चाललोय?"

"तपासल्याशिवाय शेरा मारायचा नसतो. चल."

खडकाच्या मध्यावर घमेल्याएवढा खळगा होता, पाण्याने भरलेला. तळाशी एक खेकडा आम्हाला बघून कोपऱ्यात सरकला. बाबा गुडघ्यांवर बसले, मान इकडून तिकडे नेऊन खळगा पुरता पाहिला, ओंजळ भरली आणि प्याले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. शेवटपर्यंत मनात येत होतं की असेल, कोणी सांगावं, असेलही.

"खारट," बाबा म्हणाले.

"किती?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ते माझ्याकडे वळले, शोधून शोधून माझा चेहरा नळीत आणला. "पूर्ण," म्हणाले, आणि हसायला लागले. कालवं काढणाऱ्या बाया माना वर करून पाहू लागल्या. मीही हसलो, पण माझे डोळे चुरचुरत होते. वारा होता. खाऱ्या वाऱ्याने होतं तसं.

निघताना बाबांनी घरमालकाच्या विहिरीतून लोटा भरून घेतला, वर फडकं घट्ट बांधलं. मला वाटलं वाटेत प्यायला. पण तो लोटा त्यांनी इंदूरपर्यंत मांडीवरून उतरवला नाही आणि मला त्यातला एक घोटही दिला नाही.

रविवारी पोह्याच्या दुकानावर मंडळी आमची वाटच बघत होती. "बाबूजी, झरना मिला?"

बाबांनी लोटा टेबलावर ठेवला, फडकं सोडलं. त्यांनी चमच्याने एकेकाच्या तळहातावर पाणी घातलं, तीर्थासारखं.

"अरे, मीठा है!"

"समंदर के बीच में, और मीठा! गजब है, भिया."

"मैंने खुद पिया," बाबा म्हणाले. आवाजात जराही कंप नाही. ज्या माणसाने उभ्या हयातीत कोणाचा तराजू झुकू दिला नाही, त्याने भर चौकात पारड्यावर आपला अंगठा ठेवला होता. मी पोह्यांची प्लेट घट्ट धरून उभा राहिलो.

मग त्यांनी बोट वर केलं. "लेकिन एक बात है. इसने टाइम गलत बताया था. चार बजे नहीं. तिथि का पौना करना पड़ता है." आणि पुढचा अर्धा तास ते मंडळींना पाऊणकी शिकवत बसले.

परतताना गाडीत मी विचारलं, "बाबा, असं का केलंत?"

ते खिडकीकडे तोंड करून बसले, पण खिडकीतलं त्यांना नळीत मावेल तेवढंच दिसतं, हे मला माहीत होतं. मग म्हणाले, "डावीकडे काय आहे, सांग."

मी ठरवलं होतं की इथून पुढे त्यांना नेमकं तेवढंच सांगायचं. "पेरूची गाडी आहे," मी म्हणालो. "चार टोपल्या. तिच्यामागे सिग्नलला दोन रिक्षा."

"एवढंच?"

मी पुन्हा एकदा बघितलं. पेरूंची गाडी, चार टोपल्या, दोन रिक्षा.

"मागून एक हत्ती येतोय," मी म्हणालो.

बाबा सीटवर सरसावून बसले.

"केवढा?"