काच उतरेपर्यंत

उत्तनला मी ज्यांच्या घरात भाड्यानं राहते, त्या मावशींचा एकच डोळा कामाचा. दुसरा लहानपणीच गेला. त्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा भाईंदरच्या ज्या चष्म्याच्या दुकानात मी काचा बसवते, तिथूनच त्यांना उन्हात काळी होणारी काच करून दिली. बोंबील वाळवायला त्या सकाळभर उन्हात असतात ना.

पहिल्याच दिवशी घरात आल्या आणि उंबऱ्यातच ओरडल्या, "बाय गो, डोला गेला माजा!"

माझी शाळा आठवीतच सुटली, पण दुकानाच्या मालकांनी हे मला नीट समजावलं होतं. तेच सांगितलं. काचेत डोळ्याला न दिसणारे रेणू असतात. ऊन लागलं की त्यांचा आकार बदलतो, मग ते उजेड अडवतात. सावलीत आले की हळूहळू पहिल्यासारखे होतात.

"म्हंजे शिंपल्यातल्या शिवल्या उघडतात, मिटतात, तशा?"

"तशाच. काळी झालेली काच उतरेपर्यंत दारात थांबायचं."

"तुजी काच माज्या घोवापरीस आलशी हाय."

तेव्हापासून त्या दारात थांबायला लागल्या. थंडीत काच उतरायला जास्त वेळ घेते, हेही मी सांगून ठेवलेलं.

वाशीमहून आले तेव्हा मला काट्याचा मासा खाता येत नव्हता. या मुलखात माझं कुणी नव्हतं. मावशी लेकराला भरवावं तसे काटे काढून द्यायच्या. अजूनही देतात. परवा रविवारी चर्चहून आल्यावर आम्ही जेवायला बसलो, तर त्यांनी दिलेल्या तुकड्यात काटा निघाला. मी गुपचूप बाजूला ठेवला. मग आणखी एक.

"मावशी, नीट दिसतंय ना?"

"काच उतरली न्हाय अजून."

घरात येऊन बराच वेळ झाला होता. मी त्यांचा चष्मा काढून पांढऱ्या रुमालावर धरला. काच पाण्यासारखी स्वच्छ होती. हे किती दिवस चाललंय, देव जाणे. माझं म्हणणं इतकं खरं धरलं त्यांनी, की सगळा अंधार काचेच्याच नावावर टाकत राहिल्या.

"काचंलाच खोट असंल. बदलून दे ना गो."

"काचेत काही नाही, मावशी. उद्या डॉक्टरकडं जाऊ."

"आन् बोंबील कोन पालटील?"

ऑपरेशननंतर कधी कधी परत पडदा धरतो आणि तो काढता येतो, असं दुकानात कानावर आलंय. तेवढंच धरून बसलेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॉपवर चांगलंच ऊन होतं. त्यांची काच काळी झाली. आतला डोळा मला दिसेना, आणि त्यांच्यापुढचा काळोख काचेचा किती, डोळ्याचा किती, तेही कळेना. वळणावरून घरघर ऐकू आली.

"बस हाय का टेंपो?" मावशींनी विचारलं.

बस आमच्या पुढ्यात येऊन थांबली होती.

"बस," मी म्हटलं, आणि त्यांचा हात धरला.