दोन बटणांची हुशारी

नगरपालिकेच्या निवडणुकीत मी नगराध्यक्षपदाचं बटण एका पॅनलचं दाबलं आणि नगरसेविकेचं दुसऱ्याचं. चुकून नव्हे, ठरवून. सगळी सत्ता एकाच घरात गेली की माणसं डोक्यावर बसतात. दोघी एकमेकींच्या धाकात राहिल्या की काम होतं, असं मी गल्लीतल्या चौघींना पटवलंही होतं. मला माझ्या हुशारीचा अभिमान आहे. नवरा तिला वेगळं नाव देतो. दोघी निवडून आल्या. सभागृहात बहुमत मात्र नगरसेविकेच्या पॅनलचं झालं.

मग दिवाळीत नळाच्या पाइपसाठी आमची गल्ली उकरली आणि तशीच ठेवली. त्याच सुमारास सासूबाईंच्या खुब्याचं लातूरला ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले, रोज मोकळ्यावर चालवा, नाहीतर पाय आखडेल. घर आमचं दोन खोल्यांचं. वॉकर घेऊन कॉटपासून दारापर्यंत आठ पावलं, आणि दाराबाहेर चर.

मी नगराध्यक्षांकडे गेले. त्या म्हणाल्या, "माझी तयारी आहे वहिनी, पण सभागृह ठराव होऊ देत नाही." नगरसेविका म्हणाल्या, "विषयपत्रिका त्या काढतात. आमच्यासमोर विषयच आणत नाहीत." दोन महिने मी एकीच्या दारातून दुसरीच्या दारात हेलपाटे घातले. चहा मात्र दोघी चांगला द्यायच्या.

संक्रांत आली. मी दोघींना हळदीकुंकवाला बोलावलं, एकाच वेळेला, एकीला दुसरीचं न सांगता. हळदीकुंकवाला नाही म्हणता येत नाही, आणि वाण हातात पडल्याशिवाय उठताही येत नाही. जरीच्या साड्या सावरत दोघी चरावरच्या फळीवरून आल्या आणि सतरंजीच्या दोन टोकांना बसल्या. मी वाण आतच ठेवलं आणि विचारलं, "आता सांगा, अडलंय कुठं?"

"ठराव तुम्ही पाडता," नगराध्यक्षा म्हणाल्या.

"आणलाय कधी?"

"आणला असता तर तुम्ही पाडलाच असता."

पाच मिनिटं हेच चाललं. मग दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं, की सगळा दोष मुख्याधिकाऱ्यांचा. ते बिचारे तिथं नव्हते. मला मजा वाटत होती.

तेवढ्यात कॉटवरून सासूबाई म्हणाल्या, "तुमा दोघींला निवडून कोन दिलं गं?"

"मीच, आत्या," मी ऐटीत सांगितलं. "एक बटण ह्यांना, एक त्यांना."

"हाव का? मंग माझा पाय तिघींत वाटून घ्या."

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"वाण नंतर," मी उठत म्हटलं. "आधी खुर्ची उचला."

सासूबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, वॉकर मांडीवर दिला. नगराध्यक्षा डावीकडे, नगरसेविका उजवीकडे, मी मागे. फळी अरुंद म्हणून तिघी सरळ चरात उतरलो. सगळी गल्ली दारात येऊन बघत होती. पलीकडच्या डांबरी सडकेवर खुर्ची टेकवली. सासूबाई उभ्या राहिल्या, चार पावलं टाकली आणि थांबल्या. डावा पाय नुसता ओढला जात होता.

"उचलंना गं," त्या म्हणाल्या.

आम्ही तिघी गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेल्या.

सासूबाईंनी वळून एकेकीकडं पाहिलं. "उद्या बी या तिघी. गल्लीची सडक होईस्तोवर रोज या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी दोघींना फोन केले.