व इतर एक

“खाली उतर गं! आत्ताच शुद्ध करून घेतलंय.”

गावचे मालक, स्मारक समितीचे अध्यक्ष, माझ्यावर खेकसले. शुद्ध काय, तर स्वातंत्र्याच्या स्तंभाचा चौथरा. माझ्या आईबापानं दुष्काळी कामावर दगड वाहून रचलेला. सकाळी त्याच्यावर गोमूत्र शिंपडलं. मग आमच्या मांगवाड्याचा टँकर तिकडं वळवून अख्खा चौथरा धुतला. आमच्या घागरी कोरड्या ठक्क. थू!

उदगीरपासून दोन कोसांवरचं गाव. लातूर नुकताच जिल्हा झालेला, नवे कलेक्टर उद्घाटनाला येणार होते. मी सातवीत. घरात वाचता येणारी एकटी. रझाकारांच्या काळात माझा आजा, सटवा, मळ्यात लपलेल्या पोरांना भाकरी पोचवायचा. त्याला वेशीत गाठून गोळी घातली. साऱ्या गावाला ठाऊक हाय. त्याचं नाव बघायला मी चढले होते.

स्तंभाच्या दगडावर हुतात्म्यांची पाच नावं, आडनावासकट. त्याखाली ‘व इतर एक’.

“मालक, माझ्या आज्याचं नाव?”

“हाय की, इतरमधी! बापाला सांग, हलगी तापव. साहेब यायलेत.”

बाप कडब्याच्या जाळावर हलगी तापवतच होता. त्याच्याच बापाला इतर केलेल्या दगडापुढं वाजवायला! मी वाचलेलं सगळं सांगितलं. तो मान खाली घालून म्हणाला, “जाऊ दे माय. गावात ऱ्हायचं हाय.”

माझं डोकंच फिरलं. घरात तांब्याभर पाणी उरलं होतं, धाकट्याच्या प्यायचं. ते आणलं नि तापल्या हलगीवर ओतलं. कातडं पार ढिलं पडलं. बापानं हात उगारला. माझ्या तोंडाकडं बघितलं. हात खाली घेतला.

जीप आली. मालक ओरडले, “वाजव की रं!”

बापानं ओली हलगी त्यांच्याम्होरं धरली. “न्हाई वाजवत.”

त्यानंतर महिनाभर आम्हाला कुणी कामावर घेतलं न्हाई. उपाशी ऱ्हायलो, पण पाया पडायला गेलो न्हाई.

आता मी गावच्याच शाळेत बाई हाय. दर मुक्तिदिनाला मालकाचा पोरगा झेंड्याला बोलवायला येतो. आज्याचं नाव काढलं की “बाई, जुनं कशाला उकरता?” म्हणतो. यंदा त्याला दारातच सांगितलं. आज्याचं नाव कोरा, न्हाईतर ती ओळ फोडा. पुढल्या मुक्तिदिनापर्यंत वाट बघते. मग मीच चढते त्या चौथऱ्यावर. छन्नी मला धरता येते.